तोट्यातली मास्तरीण

पनवेल, रविवार

ती. आशालतामावशीस,

अरुंधतीचा वाकून नमस्कार (वाकल्यावर सरळ होता येतंय तोवर करून घेते). तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेलं तेल लावतेस, की नुसतं कपाटात ठेवून गुडघ्याला दाखवतेस? माझी प्रकृती उत्तम आहे. अब्रूचं तेवढं खात्रीने सांगता येत नाही.

न्हावा शेव्याच्या मालवाहतूक कंपनीतलं फायनान्सचं पद सोडून मी इथल्या कॉलेजात शिकवायला लागले, तेव्हा तू विचारलंस, "जमेल का गं?" आणि मी हसले होते. (फोनवर हसू ऐकू जातं, हे तेव्हा लक्षात आलं नाही.) पहिल्याच तासाला मी जाहीर केलं, पुस्तकं बाजूला ठेवा, मी अनुभव घेऊन आलेय. मग कंपनीतली माझी गाजलेली पद्धत सांगितली. जो विभाग स्वतःचा खर्च काढत नाही, त्याच्या प्रमुखाला बोलवायचं, समोर चहा ठेवायचा आणि विचारायचं, तुमच्यामुळे कंपनीला नेमकं काय मिळतं? चहा संपेपर्यंत उत्तर आलं नाही, तर विभाग बंद. पोरं भारावली. मीही भारावले (माझ्या गोष्टींनी मी नेहमीच भारावते).

उत्साहाच्या भरात प्रकल्प दिला, पनवेलमधली खरी संस्था घ्या आणि तिचा तोटा शोधा. मला वाटलं, एखादं मिठाईचं दुकान घेतील. सादरीकरणाला प्राचार्यांना मुद्दाम बोलावलं, कारण माझा करार वर्षभराचा आणि तो पुढे चालवायचा की नाही हे त्यांच्या हातात. म्हटलं, बघू देत जरा, अनुभव काय चीज असते ते.

पोरांनी आपलंच कॉलेज निवडलं होतं. तोटा म्हणजे मी. माझा पगार, माझी एसीची खोली, मी हट्टाने मागून घेतलेलं कॉफीचं यंत्र, सगळं पडद्यावर रंगीत. प्रितम (वडील बिल्डर, आवाज साइटवरचा) म्हणाला, "मॅडम, तुमचा विभाग खर्च काढत नाय. आमी काय करनार, तुमीच शिकवलंय." आणि कामोठ्याच्या स्नेहलने अत्यंत अदबीने माझ्यासमोर चहा ठेवला.

मावशी, तो चहा मी इतका सावकाश प्यायले की त्याच्यावर साय धरली. उत्तर काही आलं नाही. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्या स्लाइड मागून घेतल्या. मी वर्गात सर्वांत जास्त गुण त्याच गटाला दिले. काय करणार, चूक सापडेना. उत्तर द्यायला प्राचार्यांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे. जुन्या कंपनीत परतावं, तर तिथे माझी खुर्चीही बंद केली म्हणे. माझ्याच पद्धतीने.

काकांना नमस्कार.

तुझी,
अरुंधती

ता. क. : तू अलिबागच्या शाळेत जन्मभर शिकवलंस, तुला कुणी असा चहा पाजला नाही. पाजला असता तर काय म्हणाली असतीस? तेवढं शुक्रवारच्या आत फोनवर सांग. मला हे काम आवडायला लागलंय गं.

आणखी एक ता. क. : "मुलं घडतात" हे उत्तर देऊ नकोस. स्नेहलला विचारून पाहिलं. ती म्हणाली, "मॅडम, आम्ही घडलो म्हणूनच तर तुम्हाला बंद करतोय."