लुसी जेवली

अहो पिंकीचे बाबा,

जेवली! लुसी जेवली! माह्या हातानं जेवली!

तुमच्या पायाचं ऑपरेशन झालं तवापासून मी फोनवर सांगून राहिली होती, "लुसी मस्त खाते." साफ खोटं! पोलिसाच्या कुत्रीनं मालकाबिगर कोनाच्याच हातचं खायचं नाही, हे तुमीच तिले शिकवलं ना! मी दूध-पोळी समोर ठेवली का हे बाई क्वार्टरच्या दाराकडे तोंड करून बसे. बरगड्या दिसाले लागल्या होत्या तिच्या.

आज मंग मी तुमचा वर्दीचा शर्ट घातला. हसू नका! तुमच्यावानी आवाज जाड करून म्हटलं, "लुसी, खा!" तिनं शर्ट हुंगला, माहे हात हुंगले, अन् माह्या तोंडाकडे पाहत राहिली. वळखलं ना बाप्पा तिनं मले! शर्ट तुमचा अन् बाई दुसरी, हे तिले पक्कं समजलं. तरी भांडं चाटूनपुसून साफ केलं!

हे पत्र काही नागपूरच्या दवाखान्यात धाडत नाही. तुमाले नवीन सांगाचं तरी काय? लुसी मस्त खाते, हे त फोनवर कवाचंच सांगून ठेवलं.

तुमच्याच शर्टातली,
वर्षाली