फळा कोरा राहिला तेव्हा

केनवड,
ता. १० डिसेंबर २०२४

प्रिय अनुपदादा,
सप्रेम जय भीम.

तुझा राग पोचला. परवा माझा आवाज ऐकताच फोन वहिनींकडे दिलास, तेव्हाच समजलं. सहा डिसेंबरच्या आत आपल्या धनजच्या विहाराच्या भिंतीवर मी बुद्धांचं चित्र काढायचं होतं, भिंत चुना मारून तयार होती, आणि बाईसाहेबांना सवड नाही. असंच वाटलं ना तुला? सवड होती रे. पण आधी इकडची हकिकत ऐक.

माझं बरं चाललंय. थंडी चांगली पडलीय. घरमालकीण तुरीच्या हिरव्या सोल्यांची भाजी आणून देते, आईच्या हाताची आठवण येते.

शाळेत मात्र दिवाळीनंतर घालमेल झाली. आमचे मुख्याध्यापक रामधन सर, मनाने सरळ माणूस. त्यांनी मला बोलावून सांगितलं, "मॅडम, शुक्रवारचा चित्रकलेचा तास मी गणिताले देऊन राह्यलो. पोट्टे भागाकार विसरले. अन् तुमीबी आजकाल फळ्यावर काहीच काढत नाही म्हणते."

"तीन आठवडे थांबा सर," एवढंच मी म्हणाले. फळ्याबद्दल बोललेच नाही.

पूर्वी मी फळ्यावर दोन डोंगर, मध्ये सूर्य, झोपडी आणि नारळाचं झाड काढायची. सगळा वर्ग तेच उतरवायचा. आमच्या खेड्यात नारळाचं झाड कोणाच्या दारात आहे? पण प्रत्येक वहीत ते उभं! या वर्षी मी फळा कोरा ठेवला होता; आता मुलांना शाळेमागच्या हौसाबाईंच्या भाजीच्या वावरात नेलं. "जे दिसते ते काढा," म्हटलं.

"मॅडम, पयले तुमी काढा ना, मंग आमी काढतो," सगळ्यांचा एकच गलका. सातवीतली अंजू, हौसाबाईंची नात, तर रडायलाच लागली. "मले नाही येत!" मी तिला म्हटलं, "कागदाकडे कमी पाह्य, समोर जास्त पाह्य."

पुढच्या शुक्रवारी ती आजीचं चित्र काढायला बसली. हौसाबाई वांगी तोडून टोपलं डोक्यावर घेऊन बांधाकडे येत होत्या. अंजू काढायची, खोडायची, पुन्हा काढायची. शेवटी वैतागून म्हणाली, "मॅडम, आजीची पाठ सरळ येऊनच नाही राह्यली."

"आहे तशी काढ."

ती बराच वेळ बघत राहिली. मग पेन्सिल ठेवली, धावत गेली आणि आजीच्या डोक्यावरचं टोपलं उतरवून घेतलं.

"काय वं, चित्र सोडून कायले आली?"

"आजी, तुह्या पाठीले काय झालं?"

"आत्ता दिसलं का तुले? कईची दुखून राह्यली." हौसाबाई हसल्या, पण अंजूचे डोळे भरले. रोज त्याच हातची भाकर खाणारी पोर, दादा! त्या दिवसापासून बाजारच्या दिवशी टोपलं ती नेते. चित्रही तिनं पुरं केलं. वाकलेली पाठ, आणि टोपल्याखालचा तो चेहरा.

तीन आठवडे झाले तेव्हा मी सगळी चित्रं व्हरांड्यात सुतळीवर टांगली. रामधन सर मागे हात बांधून एकेक बघत आले आणि अंजूच्या चित्रापाशी थांबले.

"ही तं हौसाबाई," ते हळूच म्हणाले. "मी रोज तिच्या बांधावरून येतो." मग माझ्याकडे वळून, "तास राहू द्या मॅडम. गणिताचं मी पाह्यतो. पण एक सांगा, तुमी फळ्यावर काहून काढत नाही?"

मी उजवा हात पुढे धरला.

दादा, तो थरथरतो. उन्हाळ्यापासून. खडू धरला की रेघ नागमोडी होते. हे पत्रसुद्धा थांबून थांबून लिहितेय. बुद्धांच्या मिटल्या पापण्या या हातानं कशा काढू? म्हणून आले नाही. ती भिंत दुसऱ्या चांगल्या पेंटरला दे. माझ्यासाठी अडवून ठेवू नको.

माझा हात बघून सर गडबडून गेले. म्हणाले, "म्हणजे तुमचा हात बिघडला म्हणून पोट्टे पाहाले शिकले! हे भलं झालं म्हणाव का वाईट, मलेच समजत नाही!" आणि आम्ही दोघंही हसलो. मी हसता हसता रडले.

वाशिमच्या डॉक्टरांनी नागपूरला दाखवायला सांगून बरेच दिवस झाले. मी गेलेच नाही. हात बरा झाला नाही तरी मी पोरांना शिकवू शकते, हे आता मला कळलंय. पण मला अजून माझी चित्रं काढायची आहेत रे. डॉक्टर नाही म्हणाले तर? तेवढं ऐकायची हिंमत एकटीत नाही.

सरांनी रजा दिली आहे. येत्या सोमवारी वाशिमहून सकाळच्या नागपूरच्या बसनं निघते. तू कारंज्याला चढ. आईला आत्ताच सांगू नको. डॉक्टर बोलतील तेव्हा फक्त माझ्या शेजारी बस.

राग गेला नसेल, तर रागावूनच ये. पण ये.

तुझ्यापुढे अजून लहानच असलेली,
तनुजा