पाहुण्यांची खोली

नाशिक, रविवार संध्याकाळ

रोहननं आज व्हिडिओ कॉलवर इंग्लंडातलं नवं कोरं घर दाखवलं. गाव गरम पाण्याच्या झऱ्यांचं. म्हटलं, माझ्या गुडघ्यांना बरं होईल. तर सूनबाई म्हणते, "आई, ते झरे नुसते बघायचे असतात." असू दे. पण मग हा एक दार उघडून म्हणाला, "ही पाहुण्यांची खोली. तू आलीस की इथे." पाहुण्यांची! आणि शेजारची "मम्मींची", म्हणजे त्याच्या सासूची. मी हसले का? बहुतेक हसलेच.

शेवटी लाडात येऊन म्हणाला, "आई, माझी खोली दाखव ना." मी फोन फिरवला. त्याची कॉट, त्याचं कपाट, सगळं जसंच्या तसं. म्हटलं, "ही ना? पाहुण्यांची खोली. तू आलास की इथे."

चेहरा पडला त्याचा. नंतरचा बिनसाखरेचा चहासुद्धा गोड लागला.