उद्घाटनाआधी बटण दाबू नये

मु. पो. कासारवाडी, ता. आष्टी, जि. बीड
एप्रिल २०१३

सेवेसी राधाकिशन दाजी,

मेहुणा आश्रुबा याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. बायनाअक्कालाही नमस्कार सांगावा. तुमचा गुडघा आता कसा आहे? पुण्यात तुम्ही रोज आंघोळ करता असं अक्काकडून कळलं, ऐकून समाधान वाटलं. इकडे सर्व ठीक. विहिरीत पाणी नाही, पण टँकर येतो. ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी तो निघाल्याची बातमी तरी येते, त्यावर दिवस ढकलतो.

पत्र लिहिण्याचं कारण म्हणजे तुम्ही तुमच्या दुकानातून पाठवलेलं कॉम्प्युटरचं सामान. आमच्या दूध संस्थेने यंदा दुष्काळात जनावरांची चारा छावणी चालवायला घेतली हे तुम्हाला ठाऊक आहेच. (गावात दूध राहिलेलं नाही, पण संस्था आहे, आणि संस्था आहे म्हटल्यावर तिने काहीतरी चालवायला हवं.) दावणीला किती जनावरं आहेत त्याची यादी रोज कॉम्प्युटरवर छापून तालुक्याला द्यावी लागते, मगच चारा येतो. हाताने लिहिलेली यादी तिथे घेत नाहीत. जुना कॉम्प्युटर असा संथ होता की तो सुरू करून मी चहा पिऊन, दाढी करून, पारावरचं एखादं भांडण शेवटपर्यंत ऐकून परत यायचो, तरी तो सुरूच होत असायचा. म्हणून तुमच्याकडून जादा रॅम, नवी हार्ड डिस्क आणि नवा पॉवर सप्लाय मागवला.

आष्टीचे नबीभाई ते बसवायला आले. कॉम्प्युटरचा डबा उघडल्यावर आतून ओंजळभर कडब्याचा भुसा निघाला. तो कडूबाईने पदरात घेतला. (कडूबाई म्हणजे आपल्या वेशीजवळची म्हातारी. तिची एकच गाय आहे आणि घरात दुसरं कुणी नाही.) सगळं बसवून झाल्यावर नबीभाई म्हणाले, एकदा चालू करून बघतो. पण आमचे चेअरमन भगवानराव यांनी त्यांना थांबवलं, आणि ते योग्यच होतं. उद्घाटनाआधी वस्तू चालू करण्याची आमच्या संस्थेत पद्धत नाही. मागे नवा वजनकाटा आणला तेव्हा विरोधी गटाचे आप्पाराव आदल्या संध्याकाळीच त्यावर उभे राहिले आणि उद्घाटन आपल्या हस्ते झालं म्हणून गावभर सांगत सुटले. दुसऱ्या दिवशी पाहुणे फीत कापत असताना मागून कुणीतरी आप्पारावांचं वजन मोठ्याने सांगितलं. भगवानराव ते अजून विसरलेले नाहीत.

उद्घाटनाला जिल्ह्याहून मोठे साहेब बोलावले होते. पत्रिकेत दहा वाजता छापलं होतं, आणि साहेब दहालाच आले. असं इकडे पूर्वी कधी झालेलं नसल्यामुळे कुणाचीच तयारी नव्हती. मंडपात मी होतो आणि एक कुत्रं होतं. भगवानराव अर्ध्या दाढीने पळत आले. मग लोक जमले, डब्याला कुंकू लावलं, पडद्याला हार घातला, नारळ फुटला आणि साहेबांनी बटण दाबलं. काही झालं नाही. बटण दाबलं की टाळ्या वाजवायच्या असं मंडळींना सांगून ठेवलेलं होतं, त्यामुळे टाळ्या झाल्या. साहेबांनी पुन्हा दाबलं, पुन्हा टाळ्या झाल्या.

त्यानंतर प्रत्येकाने आपापलं डोकं चालवलं. लाईट आहे का ते बघायला त्याच प्लगात पंखा लावला, तो फिरला. वायर बदलली. हाराचं ओझं होत असेल म्हणून हार काढला. तोंड दक्षिणेला आहे म्हणून कॉम्प्युटर पूर्वेकडे फिरवला, तेव्हा साहेबांनाही खुर्ची फिरवून बसावं लागलं. शेवटी ते चहा घेऊन, जाता जाता एकदा बटण दाबून निघून गेले. मग भगवानरावांनी उभं राहून जाहीर केलं की पुण्याहून आलेलं सामान खराब आहे. आप्पाराव म्हणाले, तसं असेल तर चौकशी होऊ द्या. म्हणून डब्यावर कागद चिकटवून दोघांनी त्यावर सह्या केल्या आहेत. बदली सामान आल्याशिवाय तो कुणी उघडायचा नाही असा ठराव झाला.

तेव्हापासून यादी नाही, आणि यादी नाही म्हणून चाऱ्याची गाडी नाही. होतं ते पुरवून पुरवून टाकतो आहोत. कडूबाई रोज ऑफिसात येऊन कॉम्प्युटरसमोर बसते. काल म्हणाली, "आश्रुबा, ह्या डब्याला भूक लागती का? न्हाई ना? मंग त्याचा रुसवा माज्या गाईनं काहून भोगायचा?" दाजी, तिची गाय आता हाक मारली तरी मान वर करत नाही. छावणीवरून जाताना मला लाज वाटते.

तरी खराब सामानाबद्दल संस्थेची तीव्र नाराजी आपणांस कळवत आहे. आपल्या घरोब्यात यामुळे काही उणं येऊ देऊ नये.

आपला नम्र,
आश्रुबा
(सचिव)

ता. क. वरचा मजकूर चेअरमनसाहेबांनी वाचून पास केला आहे. हा खालचा त्यांनी वाचलेला नाही. फोनच केला असता, पण गावात रेंज फक्त त्यांच्या ओसरीवर मिळते. दाजी, तुमच्या सामानात काही खोट नाही. आप्पाराव पुन्हा वजनकाट्यासारखं करतील म्हणून भगवानरावांनी नबीभाईंना बटणाची वायरच आतून काढून ठेवायला लावली होती. उद्घाटनाच्या दिवशी नबीभाईंनी येऊन ती खोचायची असं ठरलेलं. साहेब काही एकच्या आत येत नाहीत अशा हिशेबाने ते निवांत बाराला आले, तोवर डब्यावर सह्या होऊन गेल्या होत्या. त्यांनी भगवानरावांकडे बघितलं, भगवानरावांनी मंडपाकडे बघितलं. नबीभाई चहा घेऊन गेले. आता नुसती वायर खोचून कॉम्प्युटर चालू झाला, तर आप्पारावांसमोर चेअरमन खोटे पडतात. ते स्वतःहून डबा उघडू देणार नाहीत.

ता. क. दुसरा. म्हणून खरं काम सांगतो. दुकानातला कुठलाही बंद पडलेला भाग नव्या खोक्यात घालून ताबडतोब पाठवा. सोबत "सामान सदोष निघालं, दिलगीर आहोत" अशी दुकानाच्या शिक्क्याची चिठ्ठी हवी. तो बसवण्याच्या निमित्ताने नबीभाई लोकांकडे पाठ करून बसतील आणि वायर खोचतील. तुमचं नाव गावात थोडं खराब होईल, पण तुम्ही जावई आहात, जावयाला गाव तसंही नावं ठेवतंच. भगवानराव उद्या आष्टीला जाणार आहेत, पाकीट त्यांच्याकडेच पोस्टात टाकायला देतो. डिंक भरपूर लावला आहे.

ता. क. तिसरा. राधाकिशन दाजी, रामराम. डिंक वला होता. मी खालचंबी वाचलं. आश्रुबाला यातलं काई कळवू नगा. सामान बिगीनं धाडा, कसलंबी चालंल. माजी बैलजोडी त्याच छावणीत हाय. — भगवानराव