आईसाठी गाडी खाली बसवली त्याची हकीकत

पार्से, पेडणे

तीर्थरूप सदाशिवमामा,

भाचा गौरेश याचा तुम्हा उभयतांना वाकून नमस्कार. इथे एक गाडी सोडली तर आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचा रक्तदाब, मामीची कंबर आणि मयेच्या घराची नवी कौलं कशी आहेत ते कळवावं. (कंबरेची चौकशी केली होती हे मामीला आठवणीने सांगा. मागच्या खेपेला विचारायचं राहिलं, तर चतुर्थीला तळलेल्या नेवऱ्या मला मोजून मिळाल्या.) फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही "बरं, बरं" म्हणत ऐकता आणि मुख्य गोष्ट यायच्या आत ठेवून देता. पत्र मध्येच खाली ठेवलं तरी पुन्हा उचलता येतं.

सिद्धीच्या लग्नाची पत्रिका मोबाईलवर पोचली. फार देखणी झाली आहे. गणपती गोल फिरतो, सनई वाजते, वरून फुलं पडतात. मी ती लगेच आईला दाखवली. तिने चष्मा लावून पाहिली, "बरी आसा" म्हणाली, मोबाईल पालथा ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून तिचे गुडघे धरले. आता योग बघा कसा! लग्न तोंडावर आलेलं, सिद्धीची एकुलती एक आत्या, पहिली हळद तिनेच लावायची, आणि ती म्हणते, तुझ्या त्या उंच गाडीत मला चढवत नाही, तुम्ही दोघं जाऊन या. बसची पायरी उंच, भाड्याच्या गाडीतला वास सोसत नाही. कोमलने (माझी बायको असूनही ती अधूनमधून शहाण्यासारखं बोलते) दाराशी स्टूल ठेवायची सूचना केली, तर आई म्हणाली, मी काय मखरात चढून बसायची आहे? स्टूल बाद झालं. मग एके दिवशी जेवता जेवता मला सुचलं, की माणूस गाडीपर्यंत चढत नसेल तर गाडीने माणसापर्यंत उतरावं. हा विचार मला इतका आवडला की मी दुसरा भात न घेताच उठलो.

डिचोलीला स्वप्नील नावाचा एक मेकॅनिक हे काम करतो. त्याच्याकडे येणारी गिऱ्हाइकं सगळी कॉलेजातली, गाडी जमिनीला चिकटवून पणजीच्या रस्त्यावर मिरवणारी. आईसाठी गाडी खाली करायची आहे म्हटल्यावर त्याने माझ्याकडे मोठ्या आदराने पाहिलं आणि विचारलं, "आई स्वता चलयतात?" आणि खालून निळे दिवे लावायचे का, तेही विचारलं. रीतसर करायचं तर नव्या आखूड स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअॅब्सॉर्बर बाहेरून मागवावे लागतात. त्यांची किंमत ऐकून मी चहा अर्धा टाकला. स्वस्तातला मार्ग एकच, आहेत त्याच स्प्रिंगा ग्राइंडरने कापायच्या. त्यातही मी काटकसर सुचवली, की आई पुढे डाव्या बाजूला बसते, तेव्हा पुढची डावी तेवढी कापली तर नाही का भागणार? तो नाही म्हणाला. (ही मुलं गिऱ्हाइकाचं ऐकून घेत नाहीत.) शेवटी पुढच्या दोन कापायचं ठरलं. त्या कापल्यावर गाडी देवापुढे डोकं टेकल्यासारखी दिसायला लागली आणि ब्रेक दाबला की मागे बसलेली कोमल घसरत माझ्या मानेपर्यंत येऊ लागली. म्हणून मागच्याही कापाव्या लागल्या. कापलेले तुकडे मी मागून घेतले. आपल्याच स्प्रिंगा, टाकायच्या कशाला? एका तुकड्यावर कोमल आता गरम टोप ठेवते.

डिचोलीहून पार्शापर्यंत किती गतिरोधक आहेत हे मला इतकी वर्षं ठाऊक नव्हतं. प्रत्येकाशी कोमल उतरायची, मी गाडी तिरकी घालून हळूच पलीकडे न्यायचो, ती चालत येऊन पुन्हा बसायची. लोक थांबून बघायचे. एक बाई तर तिला म्हणाल्या, "घोव पेट्रोल भरता तितलीच वाट गाडयेंत घेता काय गो तुका?" आमच्या वाड्याच्या तोंडावरचा गतिरोधक लोकांनी उरलेल्या सिमेंटमधून स्वतःच केला आहे, आणि तो करताना कोणी मोजमाप घेतलेलं नाही. त्याने सायलेन्सर ठेवून घेतला. घरी पोचलो तेव्हा खाणीवरचा ट्रक आला समजून शेजारचा दत्ताराम पोरांना अंगणातून आत घेऊन गेला.

तरी मी उमेदीत होतो. आईला बाहेर बोलावलं, दार उघडलं. ती बसायला वाकली, आणखी वाकली, आणि मग हातातून कळशी सुटावी तशी आत गेली. गुडघे हनुवटीला लागले. तिने समोरच्या काचेतून पाहिलं तर तिला तुळस दिसायच्या ऐवजी तुळशीचा पाया दिसला. "गौरेशा," ती म्हणाली, "हांव गाडयेंत बसल्यां काय पाटार?" बसली ते ठीक, पण उठवायचं कसं? मी हात ओढले, कोमलने मागून रेटलं, दत्तारामाने सुंभाची दोरी आणू का म्हणून विचारलं. (त्याचं वासरू गेल्या वर्षी विहिरीतून असंच काढलं होतं.) अखेर पाव घेऊन आलेल्या पोदेराने सायकल लावली, आईच्या काखांत हात घालून तिला सरळ उभं केलं, पाव दिले आणि काही न विचारता पुढे गेला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढण्यापेक्षा खालून उठणं जड जातं, हे मला त्या दिवशी समजलं.

तेव्हा मामा, आईचं येणं काही जमत नाही, तिला क्षमा करा. पहिली हळद दुसऱ्या कोणा वडीलधाऱ्या बाईने लावावी. आम्ही दोघं बसने येतो. सिद्धीला आशीर्वाद, मामीला नमस्कार.

तुमचा लाडका (होतो तसा अजूनही असावा) भाचा,
गौरेश

ता. क. : हे पत्र टाकायला निघालो होतो तो अंगणातूनच परत आलो. दत्तारामाच्या लेकीच्या मुलाचं हरमलला बारसं होतं. त्याची सून परवा स्वतः येऊन, हळदकुंकू लावून आईला बोलावून गेली होती. आज वाड्यावरच्या बायका न्यायला पिकअप आला आणि आई पदर खोचून, टायरवर पाय देऊन, कोणाचा हात न धरता मागच्या हौद्यात चढली. वर जाऊन तिने आणखी दोघींना ओढून घेतलं. मी तोंड उघडं ठेवून बघत राहिलो. कोमल म्हणाली, तुम्हाला आत्ता कळलं? लग्न निघालं की पहिला नारळ कुळदेवाला आणि त्यानंतरचा लग्न होऊन गेलेल्या बहिणीच्या घरी. भावाने स्वतः यायचं, तिच्या देवापुढे नारळ ठेवायचा आणि "ये" म्हणायचं. आणि मामा, तुम्ही तिला फिरता गणपती पाठवलात. रागावू नका, पण चूक तुमची आणि कापल्या गेल्या त्या स्प्रिंगा माझ्या! आई रोज दुपारी रस्त्याकडे तोंड करून बसते. मला वाटायचं, वाऱ्याला बसते. मला फार वाईट वाटलं. तर मुख्य मागणं हे, की एक दिवस काढून या. मी कळवलं असं तिला सांगू नका. तुम्ही आलात तर ती खाणीच्या टिपरमध्ये बसूनसुद्धा मयेला येईल.

ता. क. दुसरा : पाकिटाला डिंक आणायला गेलो तेवढ्यात आईने पत्र वाचलं. मला वाटलं, आता माझी काही धडगत नाही. तिने पत्राची घडी घातली आणि चष्मा पुसत म्हणाली, "नारल हाडूंक विसरलो तरी चलता म्हण ताका. आमच्या माडांच्या मुळांत खूब पडल्यात. ताका येवंक सांग."