मिरच्यांना गेलेलं पाणी

१४ फेब्रु. १९७५, शुक्र.
सोम., मंगळ., बुध. तिन्ही दिवसांपुढे मी 'कोरडे' लिहिलंय, इथेही आणि आबांच्या लघवीची नोंद ठेवायला डॉक्टरांनी दिलेल्या वहीतही. चूक आहे. पुसत नाही, रेघ मारून शेजारी खरं लिहिते. ओसरीवर राख पसरून आबांनी मला आकडे शिकवले, तेव्हापासूनचा त्यांचाच नियम.
आबांच्या अंगाखालचं दुपटं कोरडं होतं, पण आबा पाणीच पीत नव्हते. आई म्हणाली, "खिडकीखालच्या मिरच्या लय तरारल्यात. पानी कोन घालतंय?" आज पाहिलं. आबा. खाटेवरून, तांब्याने.

१५, शनि.
विचारलं. म्हणाले, "कोरडे लिवताना तुजं त्वांड उजळतं, पोरी. आन् डागदरानं करंट बंद केला म्हंजे?"
डॉक्टर म्हणाले होते खरं, "पाठीला विजेचा बारीक करंट देणं हा प्रयोगच आहे. वहीत फरक दिसला तर पुढे, नाहीतर थांबू." पण माझ्या तोंडाकडे बघून तहानलेले राहिले! लघवी चहासारखी लाल. दिवसभर पाणी पाजलं. ओली दुपटी पाच. सगळी लिहिली.

१७, सोम.
संध्याकाळी मी वाल सोलत होते. आबा एकदम ओरडले, "सुमे, येतंय गं! भांडं आन!"
धावले. लघवी भांड्यातच झाली.
आबा माळ्यावरून पडले, पाठीचा कणा दुखावला, त्याला पावणेदोन वर्षं झाली. आधी कळलं, असं आज पहिल्यांदा.
आई म्हणाली, "आता समद्या कार्ला गावाला सांगा वरडून!" आणि पदराने डोळे पुसत देवापुढे साखर ठेवली.
करंटमुळे की आपोआप? मला ठाऊक नाही. 'एकदा. आधी कळले.' एवढंच लिहिलं.

१८, मंगळ.
आज कळलं नाही. दुपटी चार. शौचाचं अजून तसंच.
तरी दूधवाल्या भाऊंचे उपकार. दर गुरुवारी टेम्पोत कॅन एका बाजूला सारून आबांना लोणावळ्याला नेतात. आणि डॉक्टर आबांच्या पाठीला करंटच्या ओल्या पट्ट्या स्वतः बांधतात, एकदाही नाकाला रुमाल नाही.
अशा माणसाला खोटी वही...

१९, बुध.
आबा म्हणतात, "सोमवारचं त्येवढं सांग. मिरच्यांचं ऱ्हाऊ दे."
"राख कुणी पसरली होती, आबा?"
आबांनी तांब्या मागितला. पूर्ण प्यायले, माझ्यासमोर.
करंट थांबवला तर?
उद्या, गुरुवार, २० फेब्रु., पट्ट्या ओल्या करायच्या आधी वही डॉक्टरांच्या हातात देणार. रेघा मारलेलं पान उघडून.