दोन्ही मोबाईल सारखेच

१२ नोव्हेंबर
कापसाची पहिली गाडी गेली. मामाजी जेवता जेवता म्हणाले, यंदा दोन्ही सुनांना नवे मोबाईल. मी आणि माझी धाकटी जाऊ वैशाली एकमेकींकडे बघतच राहिलो. माझा म्हणजे ह्यांचा टाकून दिलेला, काचेला तडा. धाकटीकडे तर तोही नाही, भाऊजी शेतातून आले की त्यांचा मागून घेते.
मामाजींचा कायदा जुना आहे. सुनांना काहीही आणायचं तर सारखं. साड्या एकाच ताग्यातल्या, म्हणून सणाला आम्ही दोघी बँडवाल्यांसारख्या दिसतो. मला म्हणाले, "तू बी.ए. झालेली, तूच पाह्य. भाव एक अन् मालही एक. वाटणीचं तुह्यावर सोडलं की मले पाहा लागत नाही."
वै. लगेच म्हणाली, "ताई आणतीन तो मले चालते."

१५ नोव्हेंबर
दोन दिवस यूट्यूबवर मोबाईलची तुलनाच बघते आहे. हिंदी बोलणारी पोरं. मोबाईल पाण्यात बुडवतात, किल्लीने खरवडतात, गेम खेळून तापवतात. भर उन्हात तुरीत उभं राहून स्क्रीनवरचं वाचता येतं का, हे एकही सांगत नाही. सगळ्यात भारी म्हणतात ते तीन-चार नुसते बघायचे, घ्यायचे नाहीत. बघितले मात्र सगळे. आपल्या भावात बसणारे शेवटी दोन उरले.
वांग्याची भाजी करपली. आत्याबाई म्हणाल्या, "अजून मोबाईल आला नाही तं हे हाल. आल्यावर काय खाऊ घालशीन व आमाले?" सासूबाईंचं बोलणं खोटं नव्हतं.

१८ नोव्हेंबर
दारव्ह्याला गेलो. हे जीपमधून उतरले ते सरळ औषधाच्या दुकानात, फवारणीचं बघायला. मोबाईलच्या दुकानात मी एकटीच.
दोन्ही हातात घेतले. भाव एकच. पांढऱ्याची बॅटरी मोठी. काळ्याची स्क्रीन ॲमोलेड, म्हणजे रंग खरे दिसतात, कॅमेराही चांगला, फोटो असे की डोळ्यांत भरतात. दूर धरले तर दोन्ही बरे. जवळ जवळ धरले की फरक कुणालाही कळावा.
काळा एकच शिल्लक होता. दुकानदार म्हणाला, "चार दिवस थांबा ताई, दुसरा काळा मागवून देतो." मी म्हटलं, नको, एक काळा एक पांढरा द्या, अदलाबदल व्हायची नाही. हे दुकानात आले तेव्हा डबे पिशवीत गेले होते.
घरी मामाजींनी विचारलं, "सारखेच हायेत न?"
"दोन्ही सारखेच," मी म्हटलं.
आत्याबाईंनी दोन्हींना हळदकुंकू लावलं. वै. म्हणाली, "ताई, तुमी आधी घ्या." मी थोडा विचार केल्यासारखं केलं आणि काळा उचलला. वर तिला म्हटलं, तुला दिवसभर लागतो, तुला मोठी बॅटरी बरी.
लिहितानाही कसंतरी होतंय.

२१ नोव्हेंबर
चांगल्या कॅमेऱ्याचं मला काय काम? काहीच नाही. काल म्हशीचा फोटो काढला. म्हैस सुंदर आली.
काम आहे ते वै.ला. ती आरीच्या सुईने ब्लाउजवर रेशमाचं भरतकाम करते. मोर, वेली, पालखी, काय म्हणाल ते. फोटो स्टेटसला ठेवते आणि त्यावरच ऑर्डरी येतात. आमच्या बोरी गावात मला आता लोक "वैशालीची जाऊ" म्हणून ओळखतात. मी थोरली, आधी आलेली, शिकलेली. परवा किराणावाल्याच्या बायकोने मला विचारलं, "तुमी काय करता मंग?" मी म्हटलं, स्वयंपाक.
दुकानात काळा हातात धरला तेव्हा हे सगळं डोक्यात होतं. नव्हतं असं म्हणून उपयोग नाही.

२४ नोव्हेंबर
वै.ला महागावच्या नवरीची ऑर्डर. पहिल्यांदाच लग्नाच्या शालूवरचा ब्लाउज. आतापर्यंत डोहाळजेवणं आणि बारशीच असायची. ही जमली तर त्या गावात तिचं नाव होईल, म्हणून स्वारी हवेत आहे. ब्लाउजचं राणी रंगाचं कापड आलं आहे. त्यावर भरायचा मोर शालूच्या रंगाचा हवा. शालू नवरीच्या सासरी, नुसता फोटो आला.
वै. मोबाईल मांडीवर घेऊन बसली. रेशमाचं एकेक रीळ काढून स्क्रीनवर ठेवून बघत होती. निळं निवडलं. मग तोच फोटो मला पाठवला, रीळ दाखवलं आणि विचारलं, "बराबर हाय न ताई?"
माझ्या मोबाईलवर शालू मोरपंखी दिसत होता. हिरवट झाक स्वच्छ. निळा नव्हताच.
मी म्हटलं, "हो, छान आहे."
का म्हटलं? कणकेत हात होते, हे कारण नाही.

२६ नोव्हेंबर
वै. अंघोळीला गेली तेव्हा माझी मोरपंखी पैठणी पेटीतून काढून खाटेवर पसरली. तिच्या मोबाईलवर महागावचाच फोटो उघडा होता, म्हणजे लॉक नव्हता. दोन्हीवर पैठणीचा फोटो काढला आणि पैठणीवरच ठेवून पाहिला. काळ्यावर पैठणी जशीच्या तशी. पांढऱ्यावर नुसती निळी. चूक फोटोची नाही, मोबाईलची. आणि मोबाईलची तरी कशाची? माझीच.
पैठणी घडी करून ठेवली. वै. केस पुसत आली आणि म्हणाली, "कुठं निंगाल्या काय ताई?" म्हटलं, ऊन दाखवत होते साडीला.
आज सांगणार होते. नाही सांगितलं.

२९ नोव्हेंबर
मोराची मान झाली. पिसारा चालू. लाकडी चौकटीवर कापड ताणून ती सकाळचं काम आवरलं की बसते, मान वर करत नाही. मी चहा नेऊन दिला. आजकाल मी तिला फार चहा देते.
सांगायचं तर काय सांगू? रंग चुकला म्हटलं की कसा कळला विचारेल. मग दोन्ही मोबाईल शेजारी शेजारी येतील.
शिवाय खरं लिहायचं तर मनाच्या एका कोपऱ्यात असंही येऊन गेलं की चुकू दे एकदा. रोज हिचंच कौतुक. असं वाटलं आणि माझीच मला भीती वाटली. ती कधी माझ्याशी वाकडं बोललेली नाही. मला ताप होता तेव्हा माझी वेणी घालून द्यायची.

३ डिसेंबर
सांगितलं. म्हणजे अर्धं.
पिसारा निम्मा झाला होता. आत्याबाई शेजारणीला बोलावून दाखवत होत्या. मला बघवेना. शेजारीण गेल्यावर म्हटलं, "वैशाली, माह्या मोबाईलवर शालू जरा वेगळा दिसून राह्यला."
तिने पाहिलं. एकदा तिच्या मोबाईलवर, एकदा माझ्या. चेहरा उतरला. "हा तं मोरपंखी हाय."
मी घाईघाईने म्हटलं, "पाठवताना फोटो खराब झाला असंल." शेंबड्या पोरालाही पटणार नाही असं कारण. तिने लगेच नवरीला फोन लावला. नवरी म्हणाली, मोरपंखीच.
दुपारभर उसवत बसली. उसवलं तरी राणी कापडावर सुईची बारीक भोकं राहतात, ती झाकायला पिसारा आता मोठा करावा लागेल. मी शेजारी बसून धागे वेचले. मला म्हणाली, "बरं झालं ताई तुमी पाह्यलं. मांडवात माहं नाक कापलं असतं."
असं बोलण्यापेक्षा तिने दोन शिव्या दिल्या असत्या तर मी जेवले असते.

६ डिसेंबर
आता रंग बघायचा असला की माझा मोबाईल मागून नेते. काम झालं की पदराने पुसून परत आणून देते. म्हटलं, ठेव तुझ्याजवळच. "नोको ताई, तुमचा हाय."
आज धीर करून म्हटलं, आपण बदलूनच घेऊ. ती रेशीम ओवत होती. "काहून? सारखेच तं हायेत न."
साधेपणाने म्हणाली. मला तरी तसंच वाटलं. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. भाऊजी बैल बांधून आत आले आणि राहिलं. भाऊजी नसते आले तर सांगितलं असतं का, कोण जाणे.

१२ डिसेंबर
ब्लाउज गेला. नवरीने घालून फोटो पाठवला. शालू आणि मोर एकजीव. वै.ने घरभर फिरून सगळ्यांना दाखवला, माझ्याच मोबाईलवर. मामाजींनी चष्मा लावून बघितला. महागावहून आणखी दोघींनी विचारणा केली आहे.
मला वाटलं, सुटले. चांगलं झालं म्हणजे झालं. संध्याकाळपर्यंत असंच वाटत होतं. मग तिने बोटं तेलात बुडवून चोळली. सुई टोचून टोचून टोकं सुजली आहेत. ही सूज दुसऱ्यांदा भरलेल्या कामाची आहे, पहिल्याची नाही.

१६ डिसेंबर
वै. आणि भाऊजी दारव्ह्याला रेशीम आणायला गेले होते. येताना तिने मोबाईलला काच बसवून आणली. मी विचारलं, कुठून? "तुमी मोबाईल घेतले त्याच दुकानातून. दुकानदार तुमची आठवण काढून राह्यला होता."
"काय म्हणाला?"
"काही नाही. बरा हाय माणूस."
मग भाकरी थापायला बसली. रोज भाकरी करताना गुणगुणते. आज नाही. दमली असेल. जीपमध्ये दाटीवाटीने बसून कुणीही दमतं.
की दुकानदाराने चार दिवस थांबायचं सांगितलं होतं ते बोलला? भाऊजींना विचारायची सोय नाही. विचारलं तर त्यांनाच कळायचं.

१९ डिसेंबर
तशी नेहमीसारखीच वागते. हसते, ताई ताई करते. फक्त रंग बघायला माझा मोबाईल मागत नाही. महागावच्या दुसऱ्या बाईला म्हणाली, साडीचा तुकडा नाहीतर पदराचा दोरा पाठवा, फोटो नको.
हे म्हणाले, "तुले काय झालं? चेहरा काहून असा?" म्हटलं, डोकं दुखतंय. ह्यांनी गोळी आणून दिली. घेतली.

२३ डिसेंबर
रात्रीची जेवणं झाल्यावर आत्याबाईंनी दागिन्यांची डबी काढली. त्यांचे गळ्यातले दोन सोन्याचे दागिने, एकदाणी आणि पोत. म्हणाल्या, हातपाय चालतात तोवर माझ्या हाताने सुनांना घालते, संक्रांतीला. एकीला एक, दुसरीला दुसरं. वजन जवळपास सारखं, घडण वेगळी. एकदाणी जास्त सुरेख आहे, ते कुणालाही दिसतं.
मामाजींनी डबी माझ्याकडे सरकवली. "थोरलीच वाटून देते. तिच्या हातचं कोणाले वाकडं जात नाही."
मी हात पुढे केला नाही. केला असता का, माहीत नाही. त्याआधीच वै. हळूच म्हणाली, "मामाजी, चिठ्ठ्या टाकू न. दरवेळी ताईवर कायले भार?"
सगळे हसले. आत्याबाई म्हणाल्या, "बाप्पा, हे काय नवीन?" पण मामाजींना आवडलं. संक्रांतीला चिठ्ठ्या टाकायच्या ठरलं.
लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून लाडू असोत की साड्या, वाटायचं मी. आज माझ्या पुढ्यातून डबी उचलली गेली, तीही किती गोड बोलून. वै.ने माझ्याकडे बघितलं नाही. मला कोणी बोल लावला नाही. लावला असता तर निदान उत्तर देता आलं असतं.
उद्या तुरीच्या शेंगा तोडायला आम्ही दोघीच जाणार आहोत. वाट लांब आहे. काळा मोबाईल पिशवीत घालून ठेवला आहे, माझं सिम काढून. तिच्या हातात ठेवताना पहिलं वाक्य काय म्हणायचं ते अजून सुचलेलं नाही.